विहीर क्रमांक चार

एकोणीस वर्षं मी या पत्रकाच्या घड्या घातल्या.
आधी मधोमध, मग पुन्हा मधोमध,
म्हणजे आकड्यांचा तक्ता आत जातो
आणि वर राहतं कारंज्याचं चित्र.
आमच्या गावात कारंजं नाही.
मका आहे, डुकरांच्या लांबच लांब पत्र्याच्या शेड आहेत,
आणि आयोवाच्या सपाट उन्हात
कुलूपबंद चार विहिरी.

पत्रक म्हणतं : नायट्रेट, आठ पूर्णांक सात.
मर्यादा दहा.
खोटं नाही त्यात काही.
चार विहिरींचं पाणी एका टाकीत,
बारा महिन्यांचे आकडे एका रकान्यात.
सरासरी ही मोठी सोशिक बाई,
सगळ्यांचं पोटात घालते.

मर्ल टेनहाकेन, आमचा पाणीवाला,
दर सभेत पेला भरून सगळ्यांसमोर पितो.
साठीचा गडी, सहा फूट दोन इंच.
त्याला काय धाड भरणार?
विचारलं की म्हणतो,
कायदा एवढंच मागतो, आर्डिथ.

मग जुलैत पहिल्या विहिरीचा पंप जळला
आणि पूर्वेकडच्या गल्ल्यांना
नुसत्या चारचं पाणी जाऊ लागलं.
नोंदवहीत आहे, मर्लच्याच अक्षरात, निळ्या शाईत :
चौदा पूर्णांक सहा.
चौदा पूर्णांक सात.
साध्या किटवरचे आकडे, अधिकृत नव्हेत.
प्रयोगशाळेकडे नमुना जायचा होता
पंप दुरुस्त झाल्यावर.
वही माझ्या टेबलाच्या खालच्या खणात,
किल्ली माझ्या पर्समध्ये.
कुणी मागितली नाही. मी दिली नाही.
कुठंतरी पाणी मुरतंय, म्हणतात ना,
ते माझ्या गुडघ्याला लागून मुरत होतं.

सोळाव्या दिवशी युलालिया शोल आली, बिल भरायला,
मांसाच्या कारखान्यातली रात्रपाळी उरकून,
केसांवर जाळी तशीच,
शालीत बांधलेलं अडीच महिन्यांचं मूल.
पत्रक सोबत आणलं होतं.
तळाशी स्पॅनिशमध्ये एकच ओळ असते :
माहिती महत्त्वाची आहे, कुणाकडून तरी समजून घ्या.
स्पॅनिशही तिची शिकलेली भाषा, घरची केक्ची.
तरी त्या ‘कुणाकडून तरी’ला शोधत
ती माझ्या खिडकीशी उभी.

“दुधाच्या पावडरीत घालते ते मी उकळते,” म्हणाली.
“वीस मिनिटं. चांगलं खळखळून.”
अभिमानानं म्हणाली.

उकळलं की पाणी उडतं.
नायट्रेट उडत नाही,
उरल्या पाण्यात दाट होत जातं.
मला ठाऊक होतं. एकोणीस वर्षं ठाऊक होतं.
मी मुलाच्या ओठांकडे पाहिलं.
गुलाबी होते.
पुन्हा पाहिलं.

मागच्या खोलीतून बाटल्यांचा खोका आणून
मी तिच्या गाडीत ठेवला.
मग वही काढली,
आणि ऑफिस बंद न करताच रस्ता ओलांडला.
व्हर्निस फेन्स्ट्राच्या आइस्क्रीमच्या दुकानाबाहेर
अक्षरं सरकवायची पाटी आहे.
स्ट्रॉबेरी उतरवली. दोन डॉलर उतरवले.

विहीर चार. आज १४.९.
बाळांना देऊ नका. उकळूनही नाही.

खाली स्पॅनिश. मागच्या बाजूला केक्ची,
युलालियानं फोनवर एकेक अक्षर सांगितलं तसं.
पेटीत नऊ नव्हता,
सहा उलटा लावला.

संध्याकाळी मर्लचा ट्रक थांबला.
इंजिन चालू ठेवून बराच वेळ वाचत बसला,
दोनच तर ओळी.
मग शिडीवर चढला.
मला वाटलं, उतरवणार.
कलंडलेला नऊ त्यानं अंगठ्यानं सरळ केला
आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,
उद्याचा आकडा सकाळी सातला.

सात वाजून वीस मिनिटं झालीत.
मी शिडीवर आहे, काखेत आकड्यांची पेटी.
रस्त्याच्या पलीकडे तीन बायका उभ्या आहेत,
एकीच्या हातात रिकामी किटली,
पाटीकडे बघत.